इंदुताईच्या पेट्यांतला युरोप

देसाईगंजला ज्या रस्त्यावर नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं थाटलेली आहेत, त्या रस्त्याच्या शेवटी, पिठाच्या गिरणीला खेटून इंदुताईचं दुकान आहे. पाटीवर नुसतं ‘ड्रेपरी’ एवढंच लिहिलेलं. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. आणि त्या नाटकांतले राजे, पाटील, फौजदार, नवऱ्या मुली आणि भुतं, सगळी इंदुताईच्या लोखंडी पेट्यांतून कपडे चढवून बाहेर पडतात.

एकेकाळी इंदुताई स्वतः नाटकात काम करायची. दिसायला ठसठशीत, आवाज खणखणीत, पाठांतर एका बैठकीत. पण तिच्यात एक खोट होती. तिला हसू आवरायचं नाही. एकदा मुखरू नावाचा नट तिचा मेलेला नवरा होऊन तिरडीवर पडला होता, ती छाती पिटत होती, पेंडालभर बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि तेवढ्यात तिची नजर मुखरूच्या पायांकडे गेली. घाईत त्यानं एका पायात लाल मोजा घातला होता आणि एका पायात हिरवा. झालं. आधी इंदुताईचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग तोंडात कोंबलेला पदरही पुरेना. ते पाहून मुखरूची तिरडी हलायला लागली. पुढच्या सीझनला कंपनीच्या मालकानं हात जोडून तिला कपड्यांच्या पेट्यांवर बसवलं. तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. पेटीमागं बसून हसलं तर कोणाचं मयत खराब होत नाही, असं म्हणून ती कामाला लागली, ती आज पंचावन्न ओलांडली तरी तिथंच आहे. मशीनवाला नवरा मिळाला, त्याच्याकडून शिवण शिकली, तो गेल्यावर मशीन तिनं चालवलं. मूलबाळ नाही. पण घर कधी रिकामं नसतं, कारण हसायला कोणी ना कोणी येऊन बसतंच.

दोन वर्षांपासून तिच्याकडे भावाची मुलगी राहते, मंजुषा. भाऊ माजरीला कोळसा खाणीत डंपर चालवतो. मुलगी हुशार, इतिहासात एम. ए. करायला इथल्या कॉलेजात आली. सगळे पेपर निघाले, एकच अडकला. ‘युरोपचा सामाजिक आणि आर्थिक इतिहास: सोळाव्या शतकापासून आजपर्यंत.’ एकदा नापास झाली, तेव्हा तब्येत बरी नव्हती असं घरी सांगितलं. दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नाही. पाठ तर सगळं व्हायचं. पण हॉलमध्ये जाऊन बसलं की सोळावं शतक एकोणिसाव्यात मिसळायचं, इंग्लंड फ्रान्समध्ये शिरायचं, आणि सगळ्याची एक पातळ पेज व्हायची.

पोळा होऊन गेला होता. हिवाळी परीक्षेला अजून अवकाश होता. इंदुताई भाताच्या पेजेत बुडवून राजांच्या कॉलरी कडक करत बसली होती आणि मंजुषा खाटेवर मांडी घालून डोळे मिटून घोकत होती. सरंजामी व्यवस्थेतील उत्पादक घटक, सरंजामी व्यवस्थेतील उत्पादक घटक.

इंदुताई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “मंजू, त्या घटकाच्या अंगावर काय होतं व?”

“काय?”

“घटक, घटक करून राह्यली तू मघापासून. तो माणूसच होता ना? मंग त्यानं घातलं काय होतं? धोतर, का पँट?”

मंजुषाला हे माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, नोट्समध्ये नव्हतं, सरांनीही कधी सांगितलं नव्हतं. तिनं वैतागून मोबाईल उघडला, आणि पहिल्यांदाच परीक्षेला न येणारी गोष्ट शोधायला बसली. थोड्या वेळानं तिचे डोळे मोठे झाले. तिनं आत्याला वाचून दाखवलं. तिकडे म्हणे कायदाच होता. मखमल कोणी घालायची, रेशीम कोणी, जांभळा रंग कोणाचा, हे सगळं सरकार ठरवायचं. साध्या माणसानं मखमलीचा तुकडा लावला तरी दंड.

इंदुताईनं कॉलर खाली ठेवली. तिच्या पेटीतली एकुलती एक खरी मखमल मागल्या सीझनला राजा झालेल्या चहाच्या टपरीवाल्यानं घातली होती, त्याच्या आधी एका पंप ऑपरेटरनं, आणि त्याच्या आधी एका बिनपगारी शिक्षकानं. त्या सगळ्यांना युरोपच्या फौजदारानं रांगेत उभं करून दंड ठोकलाय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती हसायला लागली. मंजुषाही हसली. युरोपच्या पेपरमुळे ती हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या दिवसापासून अभ्यासाची तऱ्हाच बदलली. रोज संध्याकाळी इंदुताई विचारायची, आज कोण आलं? मंजुषा सांगायची, आज विणकर आले, आज खलाशी आले, आज बटाटा आला. बटाटा अमेरिकेहून जहाजातून गेला आणि कित्येक वर्षं तिकडचे लोक त्याला भ्यायले, त्यानं महारोग होतो म्हणायचे, हे ऐकून इंदुताईनं दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी करताना प्रत्येक बटाट्याची समजूत काढली.

आणि मग छीट आली. हिंदुस्थानातलं फुलाफुलांचं कापड लंडनला गेलं, तिथल्या बाया त्यासाठी वेड्या झाल्या, आणि तिथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांचं पोट त्यामुळे आवळलं. तेव्हा ते विणकर रस्त्यात छिटीचा घागरा दिसला की त्या बाईच्या मागं धावायचे आणि कापड फाडायचे. शेवटी सरकारनं त्या कापडावर बंदीच घातली.

“आपल्या कापडाच्या मागं?” इंदुताईनं विचारलं.

“आपल्याच.”

इंदुताई उठली. तळाच्या पेटीतून तिनं नर्तकीचा छिटीचा घागरा काढला, मंजुषाच्या हातात दिला आणि नेस म्हणाली. स्वतः कमरेला टॉवेल बांधून, कापूस पिंजायचा धनुष्यासारखा लाकडी तुकडा हातात घेऊन विणकर झाली. मग मंजुषा घागरा सावरत दुकानातून पळाली आणि इंदुताई तिच्या मागं. गिरणीपासून हातपंपापर्यंत आणि हातपंपापासून परत. दळण घेऊन उभ्या असलेल्या बाया आधी घाबरल्या. मग त्यांना वाटलं पोरीला कुत्रं चावायला धावलंय. इंदुताईला हसून हसून धावता येईना, ती हातपंपाच्या ओट्यावर बसली. समोरून मुखरू सायकलवर येत होता. हाच तो मेलेला नवरा. आता त्याची दाढी पांढरी झाली होती. नाटकांत रेकॉर्ड डान्स वाढले तसं विनोदी नटाचं काम आक्रसत गेलं, आणि अलीकडे त्याच्या वाट्याला एखादा चौकीदार तेवढा यायचा. त्यानं सायकल थांबवली आणि काय चाललंय विचारलं.

“लंडन,” इंदुताई म्हणाली.

मुखरूनं सायकल भिंतीला लावली. तो दिवसभर गेला नाही. रात्री जेवायला थांबला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. त्याला सगळं पहिल्यापासून हवं होतं. मंजुषानं सांगितलं, पाव महाग झाला की तिकडे दंगे व्हायचे, अर्ध्याच्या वर कमाई पावातच जायची. मुखरूला कळेना. पाव महाग झाला तर भात खायचा. मंजुषा म्हणाली, तिकडे त्या लोकांकडे भात नव्हता. अख्ख्या खंडाची त्याला अशी दया आली की त्यानं ताटातला भात जपून संपवला.

“बिचारे,” तो शेवटी म्हणाला. “मंग राज्य करायले इकडं येतीन नाई तं काय करतीन.”

हा मुद्दा परीक्षेत लिहू नको, असं इंदुताईनं मंजुषाला बजावलं.

मुखरूला त्याचं खरं काम सापडलं ते एकोणिसाव्या शतकात. गिरण्या सुरू झाल्या, भोंगा वाजायच्या आत पोचलं नाही तर पगार कापायचे, आणि मजुरांकडे घड्याळं नव्हती. म्हणून एक माणूस पहाटे लांब काठी घेऊन फिरायचा आणि एकेकाच्या खिडकीवर टकटक करून उठवायचा. आठवड्याचे पैसे त्याला सगळे मिळून द्यायचे. मुखरूनं हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की इंदुताई घाबरली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं बांबू घेऊन गिरणीजवळच्या घरांची अख्खी ओळ उठवली. तिसऱ्या दिवशी पलीकडची ओळही उठवली. लोकांनी शिव्या दिल्या, माडीवर राहणाऱ्या केसरबाईनं तर वरून पाणी ओतलं, तेव्हा त्यानं मंजुषाला विचारलं, असं तिकडेही व्हायचं का? मंजुषा म्हणाली, होत असेल. तो ओला, काकडत, समाधानानं घरी गेला. आठवडाभरात त्या ओळीतल्या बायकांना उलट सवयच लागली. नळ येण्याच्या आधी उठायला तो बांबू बरा पडायला लागला.

असं करत करत नाटक कधी झालं ते कोणालाच कळलं नाही. कोणी लिहिलं नाही. संध्याकाळी दळणाला आलेल्या बाया थांबायच्या, कोणी शेतकरीण व्हायची, कोणी सूत कातायची, कोणी पावासाठी रांगेत उभी राहायची, आणि मंजुषा मध्ये उभी राहून सांगायची की आता पुढं काय झालं. इंदुताईनं पहिल्यांदाच गरिबांचे कपडे शिवायला काढले. तिच्या पेट्यांत इतकी वर्षं गरीब माणूस नव्हताच, गरिबाचं काम करणारा घरचेच कपडे घालून यायचा. तिनं जुन्या पोत्यांचे कुर्ते केले, चादरीचे ॲप्रन केले, अस्तराच्या कापडाच्या झालरवाल्या टोप्या केल्या. श्रीमंतांचे टोप सावरीच्या कापसाचे. त्यांवर तांदळाचं पीठ, कारण खरे उमराव केसांवर पीठ शिंपडायचे. खाली लोकांना पाव नाही आणि वर केसांना पीठ. हे कळल्यावर दळणाच्या बाया इतक्या चिडल्या की तो प्रवेश त्यांनी आपणहून पाठ केला.

सुनिल नावाचा कंपनीमालक दिवाळीच्या तोंडावर कपड्यांचं ठरवायला आला, तेव्हा दुकानात फ्रान्स चालू होता. तो दारातच उभा राहिला. चांगला अंगानं भरलेला, बोलायला गोड, धंद्याला पक्का माणूस. त्यानं सगळं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, यात हिरोईन कोण आहे?

हिरोईन नाही, मंजुषा म्हणाली.

मग रडायचं कुठं? पोस्टरवर फोटो कोणाचा? सुनिलनं सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडं लोक चार पैसे टाकतात ते सासूसुनेच्या भांडणाला, हरवलेल्या लेकराला. महागाईला कोण तिकीट काढेल? ती तर घरी फुकट आहे. पण अडचण त्याचीही होती. कुरखेड्याकडच्या एका गावानं मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेला, त्याचं नाटक ठरवलं होतं, आणि गावकरी म्हणत होते की दुपारी जत्रा भरलेली असते तेव्हाही काहीतरी फुकट दाखवा. सांगितलेली डान्स पार्टी ऐन वेळी दुसरीकडे गेली होती. इंदुताईनं हे बरोबर पकडलं. दुपार आम्हाला दे, म्हणाली.

सुनिलनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी तासाभरात आटपायचं आणि कंपनीचं नाव कुठं घ्यायचं नाही, या अटीवर कबूल झाला.

“आणखी एक अट माह्यी हाय,” इंदुताई म्हणाली. “राजा तुले व्हा लागते.”

“मले? काऊन?”

“मखमलीचा कोट तुलेच बसते. बाकी सारे वाळले हायेत.”

मंडईच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. गावाबाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पेंडाल, त्याच्या पुढं बांगड्या, गुळाची शेव, भजी, फुगे, आणि पार टोकाला चिंचेखाली पाळणे. गोवारी लोकांचा नाच होऊन गेला तसे लोक पेंडालात येऊन टेकले. मंजुषानं माईक हातात घेतला. तिनं सांगितलं की ही फार लांबच्या मुलखाची गोष्ट आहे, तिथं आधी गावाचं कुरण सगळ्यांचं होतं, जळण सगळ्यांचं होतं. मग लोकरीला भाव आला.

जमीनदार झालेला मुखरू आला आणि बांबूचं कुंपण रोवून गेला. शेतकरणी बाहेर, मेंढ्या आत. मेंढ्या खऱ्या होत्या. गावातल्या श्रावण कुरमारानं आपल्या कळपातल्या शहाण्या मेंढ्या निवडून दिल्या होत्या आणि तो स्वतः पडद्याआड उभा होता. ठरलं असं होतं की मेंढ्या एकदा फिरून पलीकडे जातील. पण मेंढ्यांना समोर झेंडूच्या माळा दिसल्या. त्या थांबल्या. पहिली माळ गेली, दुसरी गेली, मग एकीनं मुखरूच्या कापसाच्या टोपाला तोंड लावलं. जमीनदार पुढं, मेंढी मागं. लोक उठून उभे राहिले. मंजुषानं प्रसंग सावरला. माईकवर म्हणाली, त्या काळी तिकडचे लोक म्हणायचे की आमच्या इथं मेंढ्या माणसं खाऊन राहिल्या आहेत. पेंडाल असा हसला की चिंचेवरचे बगळे उडाले. श्रावण धावत आला आणि एकेक मेंढी उचलून नेताना प्रत्येकीची लोकांसमोर लाज काढत होता.

मग उमराव आले, पीठ आलं, आणि नेमका वारा आला. राजाच्या अर्ध्या दरबाराला शिंका लागल्या. राजा झालेला सुनिल मात्र तिथं नव्हता, कारण फ्रान्सचा राजा राजधानीपासून लांब राहायचा. म्हणून मंजुषानं त्याला पार टोकाला चिंचेखाली, भज्यांच्या दुकानाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. बायांनी स्टेजवरून उतरून तिथवर जायचं, त्याला गाऱ्हाणं सांगायचं आणि परत आणायचं, असा तो प्रवेश. खऱ्या बाया पॅरिसहून राजाच्या महालापर्यंत पावसात पायी गेल्या होत्या.

बायांच्या पुढं गिरणीजवळची एक जण चालणार होती. पण एवढा जमाव पाहून ती स्टेजवरच अडली. पडद्याआडून इंदुताईनं तिला ढकललं, ती हलली नाही. पुन्हा ढकललं. मग इंदुताईनं तिच्या हातातली परात आणि लाटणं घेतलं, टोपी डोक्यावर ओढली आणि स्वतःच बाहेर आली. इतक्या वर्षांनी समोर माणसांचा समुद्र होता. तिनं तोंड उघडलं, आणि वाक्याऐवजी हसूच आलं.

पण या वेळी मयत नव्हतं. परात वाजवत, हसत हसतच ती ओरडली, “चला वो बायांनो, राजाले जेवण मागू,” आणि पायऱ्या उतरली. मागं तिच्या बाया उतरल्या. तोपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. पुढचं ठरलेलं नव्हतं. पेंडालातल्या एका म्हातारीनं लेकीला उठवलं, लेकीनं जावेला उठवलं, आणि बघता बघता अख्खी बायकांची बाजू उभी राहून त्यांच्या मागं निघाली. बांगड्यावाल्याकडं हात पुढं करून बसलेल्या हात सोडवून निघाल्या. पाळण्यातल्या बायांनी पाळणा थांबवायला लावला. कोणी ताट घेतलं, कोणी डबा. कुठं चाललो हे मागच्यांना माहीत नव्हतं, पण पुढं इंदुताईचा हसण्याचा आवाज होता आणि परातीचा ताल होता, आणि त्या दुपारी तेवढं पुरेसं होतं.

चिंचेखाली सुनिल मोबाईल बघत बसला होता. त्यानं वर पाहिलं. शेकडो बाया ताटं, डबे, लाटणी घेऊन त्याच्याकडे येत होत्या. त्याच्या डोक्यातून पाठ केलेलं सगळं उडून गेलं आणि तो उठून पळायला लागला. मखमलीच्या कोटात माणूस फार पळू शकत नाही. टोपातलं पीठ त्याच्या मागं धुरासारखं उडत होतं. शेवटी तो भज्याच्या दुकानामागं शिरला, तिथं बायांनी त्याला घेरलं, आणि इंदुताईनं धापा टाकत विचारलं की महाराज, आमच्या जेवणाचं काय?

“देतो ना बाई,” सुनिल म्हणाला. तो नाटक विसरूनच गेला होता. “भजे खाता का? साऱ्याहीनं खा.”

भजेवाल्यानं एवढंच ऐकलं. त्यानं कढई भरली. बायांनी सुनिलला खुर्चीसकट उचललं आणि वाजतगाजत पेंडालाकडे आणलं. मंजुषा स्टेजवरून माईकवर सांगत होती की तिकडच्या बायांनीही राजाला असंच शहरात आणलं होतं आणि त्याला राजा नाही, पाववाला म्हणून हाक मारत होत्या. ते ऐकून अख्खी मंडई सुनिलला भजेवाला म्हणायला लागली. आजही त्या गावात गेला की त्याला हेच नाव आहे.

पुढं नाटक झालंच नाही. सगळे खात होते. मुखरू काठी घेऊन पडद्याआड उभाच राहिला, त्याची गिरणी सुरूच झाली नाही. युरोप फ्रान्सच्या क्रांतीपाशी थांबला, तो थांबलाच. संध्याकाळी पेंडालात तिकिटाच्या नाटकाची तयारी सुरू झाली तरी दोन-तीन बाया मंजुषाला सोडायला तयार नव्हत्या. मग राजाचं काय झालं, भाव उतरला का, मेंढीवाल्यांनी जमीन परत दिली का, असे एकेक प्रश्न. मंजुषा सांगत बसली. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण नोट्समधलं एकही वाक्य वापरत नाही, तरी सगळं आठवतंय.

डिसेंबरात पेपर झाला. पहिलाच प्रश्न गिरण्यांचा आणि मजुरांच्या जीवनाचा, म्हणजे मंडईत जे करायचं राहून गेलं तेच. मंजुषानं वाचला आणि तिला केसरबाईचं पाणी, मुखरूचा बांबू आणि ओलेत्यानं काकडणारी त्याची दाढी दिसली. तिला हसू आलं. ती खाली मान घालून हसत होती, खांदे हलत होते, तेव्हा पर्यवेक्षक बाई दोनदा बाकाजवळ येऊन गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बाकाखालीही वाकून पाहिलं. तिथं चपला होत्या.

ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही, चांगल्या मार्कांनी पास झाली. माजरीहून तिचा बाप पेढे घेऊन आला आणि बहिणीला म्हणाला की पोरीला काय खाऊ घातलं. इंदुताई म्हणाली, बटाटा.

मंडईची गोष्ट पसरत गेली आणि सुनिलकडे दुपारच्या नाटकाची विचारणा येऊ लागली. तो कुरकुरत राजा व्हायला जायचा. पण कोट घालायच्या आधी स्वतःच आरशासमोर पीठ लावून घ्यायचा. मुखरूला त्याची गिरणी एकदाची मिळाली, आणि गावोगावच्या बाया त्याचा बांबू आपल्या दारावर वाजवून घ्यायला लागल्या. होळीच्या आधी एकदा एटापल्लीहून बोलावणं आलं. इंदुताई त्या बाजूला कधी गेली नव्हती. पिकअपमध्ये पेट्या, मेंढ्या, श्रावण, बाया आणि राजा, असा सगळा युरोप दाट जंगलातून दिवसभर गात निघाला.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळेला प्रयोग झाला. समोर बरेच माडिया आदिवासी होते. मराठी सगळ्यांना कळत नव्हतं, म्हणून सोमारी नावाची अंगणवाडीतली मुलगी एकेक वाक्य माडियात सांगत होती. कुंपणाचा प्रवेश आला. मुखरूनं बांबू रोवले आणि शेतकरणींना सांगितलं की आता इथून लाकूड न्यायचं नाही. नेहमी इथं लोक हसायचे. इथं कोणी हसलं नाही. सोमारीनं सांगून संपवलं तरी नाही. मंजुषाला वाटलं, काहीतरी चुकलं.

मग पुढं बसलेली एक म्हातारी उठली, बुधरी तिचं नाव. ती सोमारीला काहीतरी म्हणाली.

“ती विचारते,” सोमारी म्हणाली, “हे इथलं नाई ना?”

नाही, मंजुषा म्हणाली, फार दूरचं आहे, समुद्रापलीकडचं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं.

बुधरी पुन्हा बोलली. मग त्या लोकांनी कुंपण उपटलं का, असं ती विचारत होती. मंजुषा खोटं बोलली नाही. काही ठिकाणी उपटलं, पुष्कळ ठिकाणी नाही, असं सांगितलं. ज्यांना जमलं नाही ते शहरात गिरण्यांत गेले.

बुधरीनं ते ऐकून घेतलं. मग ती सरळ स्टेजवर चढली आणि पहिला बांबू उपटला. तो तिनं मुखरूच्या हातात दिला. मुखरू इतका गडबडला की त्यानं रामराम केला. तिनं दुसरा उपटला, तिसरा उपटला, आणि मग खालून आणखी माणसं आली आणि कुंपण कधी नाहीसं झालं ते दिसलंही नाही. मेंढ्या मोकळ्या बाजारात गेल्या, श्रावण त्यांच्या मागं. आता मात्र सगळे हसत होते, बुधरीसुद्धा, दात नसलेल्या तोंडानं, बांबू काखेत धरून. इंदुताई पडद्यातून बाहेर आली होती आणि डोळे पुसत होती. हसून की कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

प्रयोग पुढं झाला. राजा आला, भजी आली, मुखरूनं गिरणी चालवली. सगळं झाल्यावर बाया कपडे काढून पेट्यांत भरत होत्या, तेव्हा बुधरी तिथं येऊन उभी राहिली. तिनं झालरवाली एक टोपी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि डोक्यावर घातली. इंदुताईनं जवळ जाऊन टोपीची नाडी हनुवटीखाली बांधून दिली आणि आरसा पुढं धरला. दोघी आरशात बराच वेळ पाहत राहिल्या. मग बुधरीनं मान हलवली आणि टोपीसकट बाजारात निघून गेली.

मंजुषा हाक मारणार होती. इंदुताईनं तिचा हात धरला. मोहफुलांच्या आणि मिठाच्या ढिगांमधून ती पांढरी टोपी सावकाश पुढं सरकत होती. कोणी मागं वळून पाहत होतं, कोणी पाहत नव्हतं. एका दुकानापाशी टोपी थांबली. बुधरी सुकट विकणाऱ्याशी भावावरून हुज्जत घालायला लागली होती.

“जाऊ दे व,” इंदुताई म्हणाली आणि पेटीतून कात्री काढून नव्या टोपीसाठी अस्तराचं उरलेलं कापड मापायला बसली.